आधीच्या मालकाची खोड

बैलाच्या बाजारात जाणकार माणूस आधी बैलाचं तोंड उघडतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. एवढं कळलं की वयाचा प्रश्न मिटतो. मग खूर, खांदा, चाल आणि शेवटी विकणाऱ्याचा चेहरा. देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या मुलखाशेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण जुनं कटर मशीन घ्यायचं झालं, तर ही विद्या निम्मीच कामाला येते. कटरलाही दात असतात, मात्र ते वय सांगत नाहीत, कारण पातं कालच बदललेलं असू शकतं. तिथं मोजायची असतात ती विकणाऱ्याची बोटं. दहा भरली तर बोलणी पुढं न्यावीत. नऊ भरली तर जरा चौकशी करावी. आठच असतील तर चहा पिऊन, मुलाबाळांची विचारपूस करून परत यावं.

कटर म्हणजे सुताराचं टेबल कटर. बिडाचा सपाट तक्ता, मधोमध खाच, खाचेतून वर डोकावणारं गोल पातं, खाली मोटर आणि पट्टा. लाकूड तक्त्यावर ठेवायचं, बाजूच्या गाइडला चिकटवून पुढं सरकवायचं. सांगायला इतकं सोपं यंत्र दुसरं नसेल. आमच्या सास्तूरात मी ते घेणार असं कळलं तेव्हा मात्र वेशीपासून वेशीपर्यंत एकच प्रश्न होता, "गुरुजी, हे कशाला घेऊलालाव या वयात?"

कारण घरामागं पडून होतं. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपली असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आमचा हा सगळा पट्टा हलला. किल्लारीचं नाव जगभर गेलं. सास्तूरचं तेवढं गेलं नाही, पण भोगायचं तेवढंच भोगलं. दोन-अडीच फूट जाडीच्या, नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर माळवदाची हातभर माती. ती सगळी माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली, 52 गावं उठून नव्या जागी बसली. त्या ढिगाऱ्यांत एक गोष्ट अनेकांनी पाहिली. काही घरांच्या भिंती चारी बाजूंनी ढासळल्या होत्या आणि आतला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. पुढं पुनर्वसनाची घरं आली ती सिमेंटची. त्यांना तुळई नको, खांब नको. मग निघालेलं लाकूड कुणी विकलं, कुणी गोठ्याला लावलं, कुणी मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. आमच्या वडिलांनी चार सागवानी तुळया आडव्या ठेवून दिल्या आणि कुणालाही विकल्या नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर नातीला अभ्यासाचं टेबल करायचं मनात आलं आणि त्या तुळया आठवल्या. वखारवाल्याकडं गेलो तर त्यानं तुळई पाहताच हात जोडले. जुन्या घराचं लाकूड कुठलीच वखार सुखासुखी घेत नाही. त्यात खिळे असतात, खुंट्या असतात, भेगांत माळवदाची माती बसलेली असते. एका खिळ्यानं पट्टीचं महागाचं पातं तुटलं की चिराईच्या पैशातून ते भरून निघत नाही. हातकरवतीनं उभी चिराई करायची तर जोडीला दुसरा गडी हवा. गावात सुतार उरलेत ते दोन. लाकडी तिफण गेली, लोखंडी आली. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला. वाकस आणि किंकरं माळ्यावर पडली आणि पोरं पुण्याला, हैदराबादला प्लायवुडची कपाटं बसवायला गेली. थोडक्यात, तुळई चिरायची तर स्वतःचं मशीन हवं. नवीन घ्यायला पेन्शन पुरणारी नाही. म्हणून जुनं.

उमरग्याला एक मिस्त्री आपलं दुकान आवरत होते. पोरगा हैदराबादला मॉड्युलर किचनची कामं घेतो, बापालाही तिकडंच बोलावतोय. मी सोबत गिरणीवाल्या मामांना घेतलं. मशीन पाहायला सुताराला न्यावं असं कुणालाही वाटेल, पण सुतार लाकूड पाहतो. मोटर, पट्टा आणि बेअरिंग यांच्यासोबत ज्याचा जन्म गेला तो गावात एकच, पिठाची गिरणी चालवणारा. शेतीच्या पंपामुळं आमच्याकडं घरटी एक तरी माणूस मोटरचा अर्धा डॉक्टर असतो. मामा पूर्ण आहेत.

मामांनी आत शिरताच मशीनकडं न पाहता मोटरवर तळहात ठेवला. मोटर कोमट होती. "मिस्त्री, सकाळपासून चालू होतं जणू?" बाजाराला न्यायच्या आधी बैलाच्या शिंगांना रंग देतात, तसंच हे. मोटर गरम असली की सहज उचलते, बेअरिंगमधलं वंगण पातळ झालेलं असतं, आवाज दबतो. जुन्या मशीनचं खरं रूप पाहायचं तर ते थंडगार असताना सुरू करायला लावायचं. मामा खाली बसले आणि म्हणाले, "दोन चहा होऊ द्या. घाई नाही."

दोन चहा, एक पान आणि यंदाच्या सोयाबीनच्या भावावर सविस्तर चर्चा एवढ्यात मोटर थंड झाली. मग मामांनी प्लग काढला, पातं दोन्ही बाजूंनी धरून पुढं-मागं हलवून पाहिलं. शाफ्टला खेळ नव्हता. प्लग लावून सुरू केलं, बंद केलं आणि पातं आपोआप थांबेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले. चांगल्या बेअरिंगवर पातं सावकाश, एकसारखं मंदावतं. खराब असेल तर शेवटच्या फेऱ्यांत कुरकुर करतं. पुन्हा सुरू करून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावली. "6204. एक थोडं बोलतंय, पण मिळतंय लोहाऱ्याला." शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की बेअरिंगच्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये निघतं, चार पंचे वीस. हे जगभरच्या कारखान्यांनी ठरवलेलं गणित मामांना कुठल्या शाळेत शिकवलं, मला माहीत नाही. माझ्या वर्गात तर नक्की नाही.

बोटं मोजायचं माझ्या लक्षात होतं. डाव्या हाताची पाच पाहिली. उजवा हात मात्र मिस्त्रींनी खांद्यावरच्या उपरण्याखाली ठेवला होता, आणि आमच्याकडं सौदा करताना हात उपरण्याखाली असणं ही इतकी जुनी रीत आहे की त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. भाव त्यांनी तोंडानंच सांगितला. मामांनी तोंडानंच कमी केला. मशीनसोबत दोन पाती, एक पाना आणि लाकूड ढकलायची बाभळीची एक काठी मिळाली. बिडाचा तक्ता चौघांनी उचलून छोटा हत्ती टेम्पोत चढवला आणि आम्ही सास्तूरला आलो.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर मोटर नुसती "हूं" करून बसली. अशा वेळी गावात काय होतं ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. तिथं एकट्यानं मॅन्युअल वाचत बसावं लागतं. इथं पाच मिनिटांत अंगणात पंचायत भरते. एक म्हणाला वाइंडिंग जळलं. दुसरा म्हणाला फसवलं तुम्हाला. तिसऱ्यानं विचारलं, मुहूर्त पाहून आणलं होतं का. मामा आले, ऐकलं आणि एका शब्दात निकाल दिला, "कंडेन्सर."

सिंगल फेजच्या मोटरला एकट्या फेजवर कुठल्या बाजूला फिरायचं हेच ठरवता येत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमध्ये कंडेन्सर बसवून तिला तो पहिला धक्का आणि दिशा द्यावी लागते. तो मेला की मोटर ताकद लावते आणि जागच्या जागी हुंकारत राहते. पट्टा काढून रिकामी पुली जरा फिरवून दिली तर ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला पळू लागते, सरळ किंवा उलट, तिला काही वाटत नाही. (पट्टा आणि पातं जागेवर असताना हा प्रयोग करू नये. भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श रुग्णालय आमच्या गावातच आहे, पण म्हणून त्यांना काम पुरवायलाच हवं असं नाही.) पंपाच्या मोटरला लागतो तसलाच पांढरा डबा लोहाऱ्याहून आणला, जुन्यातला उरलासुरला करंट होल्डरमधल्या बल्बवर उतरवून घेतला, नवा बसवला. मोटर फिरली. पंचायत थोडी हिरमुसून पांगली.

पण कटर सकाळी गुणी आणि संध्याकाळी आडमुठं असायचं. दिवेलागणीला त्याच फळीत पातं अडकायचं. याचं उत्तर आमच्या तारांत होतं. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही आणि पंखे लागतात आणि व्होल्टेज बसतं. मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे 230 चे 180 झाले की ओढ पाऊणपट न राहता साधारण 60 टक्क्यांवर येते. तीस वर्षं मी पोरांना वर्ग आणि वर्गमूळ शिकवलं. त्याचा इतका थेट उपयोग कुणाच्या आयुष्यात झालेला पाहिला नव्हता, माझ्यासुद्धा. तेव्हापासून चिराई पहाटे. त्यावर शेजारच्या वहिनींनी वेगळी तक्रार काढली, कारण पहाटे त्यांच्या गच्चीवर कुरडया असतात आणि वारा आमच्याकडून त्यांच्याकडं वाहतो. सागाच्या भुशाला एक प्रकारचा सुवास असतो हे मी सांगून पाहिलं. उन्हाळाभर आम्हाला कुरडया आल्या नाहीत.

शिवाय कटर थरथरायचं. ती थरथर होती पट्ट्याची. कटर बरेच दिवस बंद राहिलं की व्ही-बेल्ट पुलीवर ज्या आकारात ताणलेला असतो तोच आकार धरून बसतो आणि मग दर फेरीला ठेच खाल्ल्यासारखा उडतो. गिरणीतला ए-42 नेमका बसला. ए हा पट्ट्याचा जाडीचा प्रकार आणि 42 ही आतली लांबी, इंचांत. पट्टा बदलताना मोटरच्या पाटाखाली एका बोल्टजवळ घडी घातलेला कागद सापडला. कालनिर्णयचं पान, आषाढातलं. पाठीमागं कसल्याशा वड्यांची कृती, ग्रीसमध्ये अर्धी बुडालेली. बेसन भाजण्यापर्यंत वाचता येत होतं. मी तो ओढणार तेवढ्यात मामांनी हात धरला. "काढू नका. त्यानं काहीतरी बघूनच घातलाय." पट्टी लावून पाहिलं तर खरंच, ती घडी नसती तर एक पुली दुसरीपेक्षा तेवढीच खाली राहिली असती.

तिथून मला या मशीनकडं वेगळ्या नजरेनं पाहायची सवय लागली. नवीन यंत्र घेतलं तर त्यात कंपनीची हुशारी असते. जुनं घेतलं की आधीच्या मालकाची वर्षानुवर्षांची हातघाई, कंजूषपणा आणि अक्कल फुकट येते, फक्त ती लिहून दिलेली नसते. कुठला बोल्ट का सैल, कुठं तार का गुंडाळली, हे सगळं त्यानं कुठल्या तरी वैतागलेल्या संध्याकाळी ठरवलेलं असतं. दोष शोधायचा म्हणजे त्या माणसाच्या मनात शिरायचं.

शेवटचा दोष सगळ्यांत चिवट निघाला. फळी चिरताना कड काळी पडायची, जळका वास यायचा आणि कधीकधी फळी मागं फेकली जायची. याला हसण्यावारी नेऊ नये. मोटरचे मिनिटाला 1440 फेरे, पुल्यांच्या मापामुळं पात्याचे दुप्पट म्हणजे 2880, आणि पातं 10 इंची. हिशेब केला तर दात तासाला 138 किलोमीटरच्या वेगानं जातात. पात्याच्या मागच्या दातांनी फळी धरली तर ती जवळपास त्याच वेगानं तुमच्या पोटाकडं येते. म्हणून पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, एका बाजूला राहायचं. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थांनी 1999 मध्ये यावर वेगळाच इलाज शोधला. ते भौतिकशास्त्र शिकलेले आणि पेशानं पेटंटचे वकील. त्यांच्या कटरच्या पात्यात हलका विद्युतसंकेत असतो. माणसाचं बोट लागलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून काही हजारांश सेकंदांत ते थांबवतो. प्रयोगाला ते सॉसेज वापरायचे, आणि एकदा स्वतःचं बोटही लावून दाखवलं. बोटाला जेमतेम ओरखडा, पण पातं आणि ठोकळा दोन्ही बाद. मी हे मामांना सांगितलं. मामांनी आधी पात्याची किंमत विचारली, मग ठोकळ्याची, आणि बराच वेळ गप्प राहिले.

तर जळकी कड. असं होतं ते गाइड पात्याला समांतर नसल्यामुळं. गाइड मागच्या बाजूला पात्याकडं झुकलं की फळी दोन्हींच्या मध्ये आवळली जाते. तपासायची रीत अशी, की पात्याच्या एका दातावर खडूची खूण करायची, तो दात पुढं आणून गाइडपर्यंतचं अंतर मोजायचं, मग तोच दात फिरवून मागं न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दात एकच हवा, नाहीतर पातं वाकडं असेल तर त्याचा दोष गाइडच्या माथी जातो. मी पुढं मोजलं, मागं मोजलं. सव्वा मिलिमीटरचा फरक. गाइड सोडून आवळलं, फरक तेवढाच. ठोकलं, फरक दीडवर गेला.

मामा तक्त्यासमोर वाकून पाहत होते, बैलाच्या तोंडात पाहतात तसे. मग त्यांनी पात्याच्या उजवीकडच्या तक्त्यावर हात फिरवला आणि नंतर डावीकडच्या. "गुरुजी, ही बाजू कोरीच हाय की." उजवीकडं बिडावर तांबेरा होता, गाइडच्या रेलवर कारखान्याचा रंगसुद्धा शाबूत होता. डावी बाजू घासून घासून आरशासारखी. गाइड पात्याच्या उजवीकडं लावतात म्हणून मी ते उजवीकडं लावलं होतं, आणि त्या बाजूला ते कधी लागलेलंच नव्हतं. डावीकडं सरकवलं, मोजलं. पुढं जेवढं, मागं तेवढंच, केसाचाही फरक नाही. मग बाकीचं सगळं आपोआप दिसायला लागलं. स्विच डाव्या पायाला का बसवला आहे. भुशाचं तोंड त्या बाजूला का. आणि ती बाभळीची काठी, जी माझ्या उजव्या हातात कितीही धरली तरी परकीच वाटायची. डाव्या मुठीत दिली तर अंगठ्याला अंगठ्याची जागा, करंगळीला करंगळीची. सगळं मशीन डावखुरं होतं.

मग आम्ही उजवीकडची रेल कानशीनं घासली, स्विच हलवला, गाइड त्या बाजूला आणून मापात बसवलं. काठी मात्र मी तशीच ठेवली. डाव्या हातात धरायची सवय केली, कारण अशी काठी घडवायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं.

तुळया चिरायला घेतल्या. आधी एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवायचं. जिथं ओढ लागेल तिथं खडूनं गोल. पहिल्या तुळईत सात गोल निघाले, सगळे घडीव चौकोनी खिळे, लोहाराच्या हातचे. ते पटाशीनं कोरून काढले. खुंट्या चुंबकाला सापडत नाहीत, पण त्या लाकडाच्याच, पात्याला बाधत नाहीत. वरचा काळा थर गेला आणि आत साग निघाला तो तुपाळ, मधाच्या रंगाचा, कालच चिरल्यासारखा वास असलेला. नातीचं टेबल झालं. उरलेल्यात देव्हारा झाला. मग गाव यायला लागलं, आपापल्या मागच्या भिंतीला टेकवलेली लाकडं घेऊन. बहुतेकांना पोळपाट हवे होते. टेबल कटर सरळ रेषेत कापतं आणि पोळपाट गोल असतो, हे मी अजून कुणाला पटवू शकलेलो नाही.

लग्नसराईत मिस्त्री सास्तूरला आले. वऱ्हाडातून थेट आमच्या अंगणात. मशीन सुरू होतं, त्यांनी आत न येता दारातूनच सांगितलं, "पट्टा बदललाव." मग आले, तक्त्यावरून हात फिरवला. उजवा हात. या वेळी उपरणं नव्हतं, आणि तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपत होती. माझी नजर तिथं गेलेली त्यांना कळली. "ह्या मशीननं नाही हो," ते म्हणाले. "कडब्याची कुट्टी करताना गेलं, पोरवयात. तेव्हापास्नं डाव्यानं शिकलो सगळं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण बोट पाहून गिऱ्हाईक बिथरतं."

चहा झाला. वड्यांच्या कृतीचं पुढं काय होतं हे विचारायचं राहिलंच, कारण ते दुसऱ्याच कामानं आले होते. हैदराबादला पोराकडं सगळी मशीनं नवी, सगळी उजवी, सोबत कंपनीची प्लास्टिकची काठी. हातात बसत नाही. त्यांना आपली बाभळीची काठी परत हवी होती.

मी म्हटलं, "ती सौद्यात आली."

"सौदा मशीनचा झाला. काठीचा कुठं झाला?"

"मग उपरण्याखाली का नाही सांगितलं?"

मामांकडं न्यायासाठी पाहिलं तर ते कपातल्या चहाकडं पाहत होते. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. बाभळीची एक फळी द्या, इथंच तुमच्या उजव्या हाताच्या मापाची नवी काठी करून देतो, जुनी मी नेतो. हे मला मान्य होतं. माझा हात त्यांनी फळीवर ठेवला, पेन्सिलीनं आखला, फळी घेऊन मशीनपाशी गेले आणि थबकले. गाइडकडं पाहिलं. स्विचकडं पाहिलं. घासलेल्या रेलवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

आम्ही दोघंही काही बोललो नाही.

"ह्याच्यावर मला नाही कापता येणार," मिस्त्री म्हणाले. "आधी गाइड डावीकडं घ्या."

मामा पाना आणायला उठले.